आठ नंबरचा चाकू

1890 साल. तुम्ही सावोआत आहात, आल्प्सच्या फ्रेंच अंगाला, मोरिएनच्या खोऱ्यात, आणि चढ चढून तुमचा दम निघाला आहे. खाली खोल घळीत आर्व्हाँचं पाणी वाहतंय, वर अर्व्हचे तीन सुळके, आणि मधल्या उतारावर झेवुदा नावाची वाडी. इथल्या म्हाताऱ्यांना फ्रेंच म्हणालात तर ते क्षणभर विचारात पडतील. तीस वर्षांपूर्वीपर्यंत ते तोरिनोच्या राजाची प्रजा होते. 1860 साली सावोआ फ्रान्सला मिळालं आणि माणसं घरातून न हलता परदेशी झाली.

घणाचे ठोके येताहेत तिकडे चला. दार बुटकं आहे, वाकून आत या. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नाकाला आधी कळतं: कोळसा, तापलेलं लोखंड, घाम. भिंतीला कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं टांगलेली आहेत. ही दानिएल ओपिनेल यांची लोहारशाळा. त्यांच्या हत्यारांना पंचक्रोशीत मान आहे. कोपऱ्यात त्यांचा मुलगा जोसेफ बसलाय, वय अठरा. पोराला यंत्रांचं भारी वेड. उद्या हा कॅमेरासुद्धा स्वतःच्या हातानं बनवील आणि गावच्या लग्नांत फोटो काढत हिंडेल. आत्ता मात्र त्याच्या हातात एक छोटा घडीचा चाकू आहे, आणि वडिलांना हा उद्योग अजिबात पसंत नाही. का, ते भिंतीकडे पाहून तुम्हीच ठरवा. कुऱ्हाडी घडवणाऱ्या घरात खिशातला चाकू म्हणजे पोरखेळच.

तो चाकू हातात घ्या. त्यात काय आहे हे पाहण्याआधी काय नाही ते पाहा. स्प्रिंग नाही. मुठीच्या दोन फळ्या नाहीत, त्यांच्या आत पितळी पत्रे नाहीत, शिंग नाही, हस्तिदंत नाही, नक्षी नाही. त्या काळच्या चांगल्या फ्रेंच चाकवांत, लागिओलच्या किंवा तिएरच्या, पातं पाठीमागच्या स्प्रिंगवर बसतं आणि उघडताना टक्कन आवाज करतं. ती कारागिरी देखणी, पण तिला वेळ लागतो आणि तिचे पैसे पडतात. जोसेफनं बीचच्या लाकडाचा एकच सलग तुकडा घेतला, गोलसर तासला, त्यात करवतीनं एक फट पाडली, फटीत पातं बसवलं, तोंडाशी लाकूड चिरू नये म्हणून धातूचं वळं घातलं आणि आरपार एक रिव्हेट ठोकला. पातं जागेवर राहतं ते केवळ लाकडाच्या चापामुळे. झाला चाकू. मेंढपाळाला परवडेल, मोडला तर हळहळ नको, आणि हरवला तर पुढच्या बाजारात दुसरा.

मूठ मुठीत धरून पाहा. मधे पोट आहे, टोकाकडे ती किंचित रुंदावते, त्यामुळे ओला हात घसरत नाही. पात्याचं टोक वर वळलेलं आहे, तुर्की याताघान तलवारीच्या घाटाचं. पात्याच्या अंगावर नखापुरती खाच आहे. तिथे नख अडकवून ओढायचं.

आता जेवायला बसा, कारण हा चाकू भटारखान्यात जन्मलेला नाही, तो जेवणाऱ्याच्या खिशातला आहे. डोंगरातल्या या गावांत रायची भाकर गावच्या सामाईक भट्टीत एकदम भाजून ठेवतात, महिनोन्‌महिने पुरेल इतकी. ती इतकी कडक होते की तोडायची सोय नाही, कापावीच लागते. सोबत चीजचा तुकडा, सुकवलेलं सॉसेज, कांदा. मेजावर सुरी कोणी मांडत नाही. प्रत्येक जण खिशातून आपली काढतो, जेवण झालं की पातं भाकरीच्या तुकड्यावर पुसतो, तो तुकडा तोंडात टाकतो आणि चाकू मिटतो. ही पुसण्याची सवय लक्षात ठेवा, पुढे तुमच्या कामाला येणार आहे.

बाहेर शिट्टी ऐकलीत? खोऱ्याच्या तळातून आगगाडी चालली आहे, मोदानकडे, आणि तिथून डोंगराच्या पोटातून इटलीत. हा बोगदा 1871 साली खुला झाला. लंडनहून निघालेली हिंदुस्थानची टपाल याच वाटेनं ब्रिंदिसी बंदराला जाते, तिथे बोटीवर चढते आणि सुएझमार्गे मुंबईला उतरते. म्हणजे तुम्ही ज्या वाडीला जगाच्या टोकाला समजत होता, तिच्या पायथ्यावरून गिरगावात पोचायची पत्रं जाताहेत. जोसेफच्या चाकूचं नशीब हीच गाडी उघडणार आहे. फेरीवाले तो जत्रांमधून नेतील, पण दूरवर पोचवतील ते रेल्वेचे कामगार. डब्यात बसून डबा खाणाऱ्या माणसाला खिशातला चाकू मेंढपाळाइतकाच लागतो.

सात वर्षं पुढे या. 1897. बाकावर बारा चाकू चढत्या रांगेत मांडले आहेत, 1 ते 12. घाट सगळ्यांचा एकच, मापं वेगळी. एक नंबरचं पातं जेमतेम 2 सेंटिमीटरचं, मुठीला कडी, घड्याळाच्या साखळीला लटकवायला. बारा नंबरचं 12 सेंटिमीटरचं. इथे तुम्हाला एक उचलायला सांगितलंय, आणि आपली माणसं अशा वेळी हमखास करतात तेच तुम्ही करता: सगळ्यात मोठा उचलता.

ठेवा तो खाली. बारा नंबर खिशात मावत नाही, बाक आणतो, आणि घरी सुरी असतेच. दहा नंबर सहलीला कलिंगड कापायला ठीक, पण रोज जवळ बाळगणार नाही. जो जवळ नसतो तो चाकू असून नसल्यासारखा. सहा नंबर, 7 सेंटिमीटर पात्याचा, लहान पंजाला आणि पर्सला छान. आठ नंबर हातात घ्या: पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ 11. चारही बोटं मुठीवर बसतात, एकही बाहेर लोंबत नाही. पेरू, पुठ्ठ्याचं खोकं, सुतळी, पेन्सिलीचं टोक, सगळं यात आलं. दुकानात बारा मापं असू देत, बहुतेकांचं उत्तर आठ आहे. खुद्द ओपिनेल घराण्यानंही पुढे रांग छाटली: 1935 च्या सुमारास एक नंबर बंद झाला, कारण तो कशालाच पुरत नव्हता, आणि अकरा बंद झाला, कारण दहा आणि बारा यांच्यामध्ये त्याला काही काम उरलं नव्हतं.

पुढची काही वर्षं भराभर पाहून घ्या. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पाँ-द-झेवुदाला, ओढ्याच्या पाण्यावर चालणारा कारखाना उभा राहतो. मुठी कापायला जोसेफनं स्वतः यंत्रं बसवली आहेत. 1909 साली पात्यावर शिक्का येतो: आशीर्वाद देणारा हात आणि वर मुकुट. फ्रान्सच्या शार्ल नववा या राजानं 1565 मध्ये हुकूम काढला होता की प्रत्येक चाकूकारानं आपल्या मालावर स्वतःची खूण उमटवावी. ही त्याच रिवाजातली खूण. हात खाली खोऱ्यातल्या साँ-झाँ-द-मोरिएन गावच्या चिन्हावरून घेतला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाची तीन बोटं आहेत अशी श्रद्धा आहे, सहाव्या शतकात थेक्ला नावाच्या बाईनं ती पूर्वेकडून आणली म्हणतात. मुकुट सावोआच्या जुन्या सरदारकीचा. 1911 मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात सुवर्णपदक, मग शाँबेरीजवळ कोन्याँला मोठा कारखाना. खोऱ्यातला चाकू शहराजवळ आला.

आणि आता 1954 साली थांबा, कारण तुम्हाला एक ठेच लागायला हवी.

तुम्ही फळीच्या भोकातली दोरी सोडवताय. पात्याचं टोक आत घालून जरा जोर देता. लाकूड पात्याला धरून ठेवतं खरं, पण मूठ जुनी आहे, फट सैलावली आहे. पातं उलट्या बाजूनं दाबलं जातं आणि खटकन मिटतं, थेट तर्जनीवर. रक्त येतं. शेजारचा माणूस तुमच्याकडे पाहतो, आपलं बोट वर करून तसलीच जुनी खूण दाखवतो आणि हसतो. साठ-पासष्ट वर्षं या चाकूनं अशी बोटं चावली आहेत, आणि लोकांनी ते चाकूच्या स्वभावात धरलं आहे.

पुढच्या वर्षी या. 1955. जोसेफचा मुलगा मार्सेल यानं जुन्या वळ्यावर दुसरी एक कडी बसवली आहे, एका बाजूनं चिरलेली, फिरणारी. चीर फटीसमोर असली की पातं उघडतं. कडी थोडी फिरवली की पात्याच्या मागे धातूची भिंत उभी राहते आणि ते मिटू शकत नाही. तिचं नाव विरोब्लॉक. आजवर चाकूचे भाग चार होते, मूठ, पातं, रिव्हेट आणि वळं. आता पाच झाले. 1890 पासून या वस्तूत घातलेली ही एकच मोठी भर, आणि तीही चिंचोक्याएवढ्या तुकड्याची. दुसऱ्या कुणी या पासष्ट वर्षांत त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू, कानकोरणी आणि दिशादर्शक घातला असता. 2000 पासून ही कडी मिटलेल्या अवस्थेतही पातं बंद ठेवते, म्हणजे पिशवीत चाकू आपोआप उघडत नाही. कडी सहा नंबरापासून वर असते. त्याहून लहान चाकवांना ती आजही नाही.

यातली गंमत ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना जास्त कळेल. तिथल्या कायद्यात 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा, न अडकणारा घडीचा चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो. अडकणारा असला की पातं केवढंही असो, सबळ कारण दाखवावं लागतं. बोटं वाचवणाऱ्या कडीनंच चाकूला कायद्याच्या नजरेत संशयित केलं. तुम्ही जिथे राहता तिथला नियम आधी पाहा, आणि विमानाच्या हातसामानात हा चाकू कुठेच चालत नाही हे धरून चला.

आता आजच्या तारखेला या. साँ-झाँ-द-मोरिएनला या चाकूचं संग्रहालय आहे. ते बघून शेजारच्या दुकानात उभे आहात, आणि विक्रेता आठ नंबरचे दोन चाकू पुढे ठेवतो. दिसायला जुळे. एकाच्या पात्यावर ‘कार्बोन’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘इनॉक्स’. फ्रान्समधल्या एका साध्या जेवणाच्या किमतीत दोन्हींपैकी एक मिळतो, तेव्हा पैशाचा विचार सोडा. प्रश्न तुमच्या स्वभावाचा आहे.

कार्बोन म्हणजे साधं पोलाद, त्यात कार्बन सुमारे 0.9 टक्के. त्याला धार लवकर लागते, बारीक लागते, आणि गंजही लवकर लागतो. इनॉक्स म्हणजे स्टेनलेस: गंजायला नाखूश, धार लावायला थोडं चिवट. समुद्रावर जाणारे, मासे साफ करणारे, आणि ‘नंतर पुसू’ म्हणणारे यांनी इनॉक्स घ्यावा आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. चाकू कापण्यासाठी आहे, चारित्र्य तपासण्यासाठी नाही. पण भाकरीवर पातं पुसून तो तुकडा खाणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. ती सवय ज्याला जमेल त्यानं कार्बोनच घ्यावा. माझं मत विचाराल तर या चाकूची खरी मजा त्यातच आहे.

पाकीट फोडायला लावा, लाजू नका. मुठीच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनं धावताहेत का पाहा. आडव्या गेल्या तर मूठ पुढे चिरेल. मिटल्यावर पातं फटीच्या मधोमध बसतं का पाहा. उघडून कडी फिरवा आणि पातं डावीउजवीकडे हलवून पाहा, हलता कामा नये. नवा चाकू उघडायला जरा घट्ट असला तर तो गुण समजा. वापरानं मोकळा होतो. ऑलिव्ह, अक्रोड अशा देखण्या लाकडाच्या मुठीही मिळतात. भेट द्यायला त्या सुंदर. वापरायला बीच.

घरी या. रत्नागिरी असो की दादर, जूनचा तिसरा आठवडा आहे, कपडे वाळत नाहीत, आणि तुम्ही खिशातून चाकू काढून नख खाचेत घालता. पातं हलत नाही. जोर लावता, नख तुटतं. चाकू बिघडलेला नाही. बीचचं लाकूड दमट हवेत पाणी पितं, फुगतं आणि फट आवळून धरतं. सावोआतल्या हवेसाठी केलेली वस्तू कोकणच्या पावसाळ्यात अशी वागणारच.

सावोआच्या शेतकऱ्यांचीही तीच अडचण होती आणि तिच्यावरची त्यांची युक्ती आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते, सावोआर्डचा ठोका. कडी मोकळी करा. मिटलेला चाकू उभा धरा, मुठीचं मागचं टोक खाली, आणि ते लाकडी मेजावर ठणकावून आपटा. पात्याचं टोक आपोआप बाहेर डोकावतं, मग बोटांच्या चिमटीनं पाठीकडून धरून ओढा. बोटं धारेच्या वाटेत नकोत, एवढं सांभाळा. चारचौघांत केलंत तर लोक तुम्हाला जाणकार समजतील.

कायमचा उपाय तेलाचा. कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात, चाकू उघडा, मूठ बारीक सँडपेपरनं हलकी घासा आणि जवसाचं तेल पातळ हातानं फटीत, सांध्यात आणि मुठीवर जिरवा. तासाभरानं जास्तीचं पुसून टाका, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा करा. लाकूड भरलं की पाणी कमी पितं. तेलाचा बोळा चुरगाळून केराच्या टोपलीत मात्र टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेला बोळा स्वतःहून पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. एवढं करूनही सांधा कडकच राहिला तर बारीक सँडपेपर घडी करून फटीच्या भिंतीवरून दोनदा फिरवा. दोनदाच. लाकूड घासून जातं, परत येत नाही.

चाकू पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, भांडी धुण्याच्या यंत्रात तर नाहीच. ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्यानं पुसा, आणि लगेच मिटू नका. पात्यावरचा ओलावा फटीत कोंडला की आतल्या आत गंज धरतो आणि तो तुम्हाला महिन्याभरानं कळतो. महिनाभर ठेवून द्यायचा असेल तर पात्याला औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पुसट हात द्या. गोडं तेलही चालतं, पण ते पुढे चिकट होतं.

पहिली कैरी कापाल तेव्हा दचकाल. चकचकीत पातं काळवंडेल, फोडीलाही काळसर रेघ येईल. आजीची लोखंडी विळी आठवा, तिचंही असंच होतं, म्हणून काही कोणी ती फेकून दिली नाही. आम्लानं पात्यावर निळसर-राखाडी थर चढतो, आणि तो थर बऱ्यापैकी घट्ट असल्यामुळे खालच्या पोलादाला तांबड्या गंजापासून थोडं सांभाळतो. सफरचंद, कांदा, कैरी, लिंबू, जे कापाल त्याचे डाग पात्यावर एकावर एक साठत जातात आणि दोन माणसांचे दोन चाकू कधी सारखे दिसत नाहीत. ते काढायला घासणी घेऊन बसू नका. राखाडी राहू द्या. तांबडा दिसला तर मात्र त्याच दिवशी बारीक स्टील वूल आणि तेलाच्या थेंबानं काढा.

धार. गल्लीत सायकलवर दगड फिरवणारा धारवाला येतो, त्याच्याकडे विळा द्या, सुऱ्या द्या, हा देऊ नका. पातं पातळ आहे. ठिणग्या उडाल्या म्हणजे पोलाद तापलं, आणि तापलं की पाजलेलं पाणी उतरलं. मग ती धार पुन्हा टिकत नाही. घरी हजार ग्रिटचा सपाट दगड ओला करा, पातं त्यावर आडवं ठेवा आणि पाठ पाच-सहा मिलिमीटर उचला. आठ नंबरच्या पात्याला त्यानं साधारण 20 अंशांचा कोन पडतो, तोच हवा. पुढे ढकला, टोकाशी येताना मूठ किंचित उचला म्हणजे वळणही घासलं जाईल. एका अंगानं दहा-बारा वेळा, मग दुसऱ्या अंगानं तेवढंच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून ओढा. कागद न अडखळता कापला गेला की थांबा. धार लावायला बोथट व्हायची वाट पाहू नका; जरा मंदावली की पाच मिनिटं द्या, दगड वर्षानुवर्षं पुरेल आणि पातंही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं 1985 साली जगातल्या शंभर सुंदर वस्तूंत या चाकूची निवड केली, आणि तेव्हापासून काही लोक तो घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. तसं करू नका. आठ नंबर, कार्बोन, बीचची मूठ घ्या, आणि घेतल्या दिवशी त्यानं एक फळ कापा. कुणाला भेट देणार असाल तर बदल्यात त्याच्याकडून एक नाणं मागून घ्या, रुपयाचं चालेल. फुकट दिलेला चाकू मैत्री कापतो असं फ्रेंच लोक मानतात, आणि रुपयात ही भीती मिटत असेल तर घासाघीस करू नये.